भूलतज्ज्ञांची परिषद धाराशिवलाच

भूल दिली की सर्जन बोलतो, नर्स बोलते, आम्ही मॉनिटर बघत गप्प बसतो. तोंड बंद आणि कान उघडे, त्यामुळं किस्से साठतात ते आमच्याकडंच. त्यातले अर्धे सांगण्यासारखे नसतात. हे उरलेल्यांपैकी.

धाराशिव जिल्ह्यात आम्ही अकरा भूलतज्ज्ञ. आमच्या राज्य संघटनेची वार्षिक परिषद डॉक्टर मंडळीच आपापला दवाखाना सांभाळून, हौसेनं भरवतात आणि दरवर्षी नवं शहर निवडतात. आमचे देशमुख सर तीन वर्षं धाराशिवसाठी अर्ज करत होते आणि तीन वर्षं नकार घेत होते. यंदा त्यांनी सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी मी रिटायर. त्याच्या आत परिषद इथं झाली पाहिजे." आम्हालाही ते मनापासून हवं होतं, कारण आमच्यातल्या निम्म्यांना सरांनीच शिकवलंय.

*

पहिल्या वर्षी निवड समितीनं विचारलं होतं, "विमानतळ कुठं आहे?"

सर म्हणाले, "लांब आहे. पण आमचे पेशंट ज्या रस्त्यानं येतात त्या रस्त्यानं डॉक्टर आले तर काही बिघडत नाही."

बिघडलं. परिषद दुसरीकडं गेली.

*

यंदा समितीच्या अध्यक्ष मॅडम आणि एक सदस्य जागा बघायला येणार होते. आदल्या दिवशी मी त्यांना फोन केला. "सकाळी आठला मंगल कार्यालयात या," असं सांगितलं आणि वीस वर्षांच्या सवयीनं पुढं बोलून गेले, "रात्री बारानंतर पाणीसुद्धा घेऊ नका."

तिकडनं "बरं" आलं. तेही भूलतज्ज्ञच ना. सकाळी दोघं चहासुद्धा न घेता, उपाशीपोटी हजर!

*

कार्यालयाचे मालक शिवलिंगअप्पा. त्यांनी हॉल दाखवला, नवरदेवाची खोली दाखवली. मॅडमनी सहज विचारलं, "अप्पा, देशमुख सरांना ओळखता ना?"

अप्पांनी सरांकडं नीट निरखून बघितलं. "तोंड न्हाय ध्यानात. आवाज वळखतो. हर्नियाच्या टायमाला 'दहापर्यंत मोजा' म्हणले हुते. चारच्या म्होरं काय झालं, मला अजून ठावं न्हाय."

आमच्या धंद्यात एवढी ओळख राहिली तरी पुष्कळ.

*

जेवताना मॅडमनी खरा प्रश्न काढला. "तुम्ही अकराही जण परिषदेत राबणार. त्या दोन दिवसांत इमर्जन्सी आली तर भूल कोण देणार?"

मी म्हटलं, "मॅडम, त्या दोन दिवसांत जिल्ह्यात दोनशे भूलतज्ज्ञ असतील. सोनारीपासून सास्तूरपर्यंत कुणाचं अपेंडिक्स राहिलं असेल तर त्यानं तेव्हाच काढून घ्यावं."

सदस्यांनी भाकरी मोडता मोडता मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते काही कळलं नाही.

*

मतदान पुण्यात, संघटनेच्या सभेत झालं. शेवटी दोनच शहरं उरली होती. दुसऱ्या शहराकडं पंचतारांकित हॉटेल आणि ड्रोननं काढलेली फिल्म. आमचे सर नुसतेच दहा मिनिटं बोलले. मग मॅडम म्हणाल्या, "धाराशिवसाठी हात वर करा."

माझा गेला, आजूबाजूचे दहा-बारा गेले. पन्नास-साठ जणांत तेवढेच. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. उमरग्याहून त्यांचा जुना विद्यार्थी होता. "ऑपरेशन संपलं, श्वास नीट आहे, पण बाई जाग्या होत नाहीत?" सरांनी मोठ्यानं विचारलं आणि रेंजसाठी खिडकीकडं वळले, आमच्याकडं पाठ करून.

"शुगर बघितली? ठीक आहे. अंग गार पडलंय का? मग पांघरूण वाढव. घाई करू नको, मी आहे फोनवर."

पेशंट जागा होत नाही, अशी वेळ तिथल्या प्रत्येकावर कधी ना कधी येऊन गेली होती. परिषदेचं तर मी विसरूनच गेले.

"आता हाक मार. फाईलवरचं नाव नको. बाहेर नातेवाईकांना विचार, घरी काय म्हणतात."

मिनिटभरानं तिकडनं नाव आलं.

"चिंगू? मग चिंगू म्हण. मोठ्यानं... उघडले डोळे? बोलली? बरं. आता तिथून हलू नको, मी परत फोन करतो."

सर वळले. समोर अख्ख्या सभागृहाचे हात वर होते. दुसऱ्या शहरवाल्यांचेसुद्धा.

सरांनी फोन खिशात ठेवला, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "बोला, कुणाला काय शंका आहे?"