माझ्या वहीतल्या जपानी कविता

त्या सात कवितांचा अर्थ मला आजही ठाऊक नाही. वाचून मात्र दाखवीन, अगदी न अडखळता. माझ्याच अक्षरात आहेत ना! किराण्याच्या यादीच्या वहीत, कोथिंबीर आणि दह्याच्या पुढच्या पानावर.

मी अमेरिकेत, ॲन आर्बरला मुलाकडे राहते. शेजारच्या घरात एक जपानी बाई आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नवरा इथल्या युनिव्हर्सिटीत शिकवायचा. तो गेला, ही राहिली. मी तिला ताई म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा बाई हसतच सुटली. त्यांच्याकडे ताई नावाचा मासा असतो म्हणे, शुभकार्याला करतात तो. मग म्हणाली, "चालेल. मासा तर मासा." आणि मलाही ताईच म्हणायला लागली. आमचं बोलणं इंग्रजीत, तेही दोघींचं मोडकंच, त्यामुळे कुणी कुणाला नावं ठेवायची सोय नाही.

ताई कविता करते. तांका म्हणतात त्याला. पाच ओळी, आवाज मोजून पाच, सात, पाच, सात, सात. ती बोटं मिटत मोजते, मी आपली पेरांवर मोजून खात्री करते. एकतीस भरतातच! आणि विषय काय, तर नवऱ्याचा चष्मा सापडत नाही, भात लागला, बसमध्ये समोरच्याचा मोजा भिजलाय. मी म्हटलं, अगं, हे तर मीही रोज बघते. तर म्हणाली, "हो, पण तू लगेच बोलून टाकतेस."

जपानात तिच्या मंडळाचं मासिक निघतं. त्यांना दर महिन्याला आठ कविता हाताने लिहून पाठवायच्या. तिकडचे गुरुजी त्यातल्या निवडून छापतात. आठ म्हणजे आठ, कमी असतील तर त्या महिन्यात तुमचं नाव नाही. ताई लग्न होऊन इकडे आली तेव्हापासून तिचा एकही महिना चुकला नव्हता. नवरा गेला त्या महिन्यातही आठ गेल्या होत्या.

आणि त्या हिवाळ्यात बाई दारातल्या बर्फावरून घसरली. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर बसलं. पेन्सिल धरता येईना, आणि हातात पेन्सिल नसली की तिच्या डोक्यात कविता टिकत नाही. दुसरी आली की पहिली जाते.

मुलगा म्हणाला, "आई, त्यांना सांग, फोनवर रेकॉर्ड करा. एकदम सिंपल आहे." तेही करून पाहिलं. फोन समोर ठेवला की ताई गप्प. म्हणाली, "हा ऐकतो, पण मान हलवत नाही."

"मग मला सांग, मी लिहिते."

"तुला जपानी येतं?"

"येत नाही. पण ऐकू तर येतं!"

तर असं सुरू झालं. दुपारी जेवणं उरकली की ती माझ्या किचनमध्ये खिडकीपाशी बसायची. बाहेर बर्फ पडत असायचं, गॅसवर चहा. ती डोळे मिटून एकेक आवाज सोडायची आणि मी तो आपल्या बाळबोध अक्षरात उतरवून घ्यायची. मग परत वाचून दाखवायची. "तिसरी ओळ बदल," म्हणायची ती. बदलली. काय होतं नि काय झालं, देवाला ठाऊक! युकी म्हणजे बर्फ, एवढंच मला कळायचं. पण तुम्हाला सांगते, लहानपणी ताप आला की शेजारच्या खोलीतली मोठ्यांची कुजबुज ऐकू यायची ना, शब्द कळत नसायचे आणि तरी बरं वाटायचं, तसं व्हायचं मला. चहा कितीदा उतू गेला.

मासिकातल्या एक बाई तयार झाल्या होत्या, शेवटच्या तारखेला फोनवर ऐकून त्या आपल्या हाताने लिहून घेणार होत्या. तोवर सात झाल्या. आठवी काही येईना. चार दिवस ताई नुसती खिडकीतून बघत बसली. मी म्हटलं, "माझ्या चहावर कर." तर म्हणाली, "केली होती. गोड झाली."

शेवटचा दिवस आला. आमची संध्याकाळ, त्यांची दुसऱ्या दिवशीची सकाळ. अंगणातलं बर्फ निळं दिसत होतं. मी वही घेऊन वाचायला लागले. प्रत्येक कवितेनंतर पलीकडून "हाइ, हाइ" यायचं, म्हणजे झालं लिहून. ताईने माझ्या पदराचं टोक घट्ट धरून ठेवलेलं.

सातवी संपली. फोनमधल्या बाई थांबल्या. मीही थांबले. ताई माझ्या वहीकडे एकटक बघत होती. मग फोनकडे वाकली आणि डाव्या हाताची बोटं मिटत मिटत सावकाश काहीतरी बोलली. मी पेरांवर मोजत होते. एकतीस! पलीकडच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "हाइ."

"काय म्हणालीस गं?"

"छापून आली तर सांगेन."

उन्हाळ्यात मासिक आलं. ताईचं नाव होतं आणि त्याखाली दोनच कविता. त्यातली एक ती आठवी. तिने ओळींवरून बोट फिरवत मला सांगितलं:

शेजारणीने
दोरीवर वाळत घातलेत
माझे शब्द,
त्यातला कुठला कुठला ते
मलाच ओळखू येत नाही.

मी वही उघडून बघितली. खरंच की! वरून रेघ गेलेली आणि खाली आपली अक्षरं लोंबताहेत. साठ-पासष्ट वर्षं लिहितेय, मला कधी दिसलं नव्हतं.

"उरलेल्या सातांचाही अर्थ सांगू?" ताईने विचारलं.

मी म्हटलं, "राहू दे."

आता ती स्वतःच लिहिते, पण दुपारची येते अजून. मनगट जरा वाकडंच बसलंय. चहा झाला की म्हणते, वही काढ. मी वाचते, ती डोळे मिटून बोटं मिटते. परवा मध्येच थांबवून म्हणाली, "तिसरीत अजून काहीतरी चुकतंय."

"आता काही बदलायचं नाही," म्हटलं, "मी पेनाने लिहिलंय."