चौकातलं लग्न

पार्लमेंटनं राजाचं डोकं उडवलं त्या वर्षी थॅमसिन दुसऱ्याच्या गोठ्यात गाई पिळत होती. राजा गेला म्हणून गाई काही दूध द्यायच्या थांबत नाहीत, तेव्हा तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते स्वतःच्या लग्नाच्या वेळी. नव्या राजवटीनं लग्न चर्चमधून काढून न्यायाधीशाच्या टेबलापुढे नेलं होतं. लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशी दवंडीवाल्यानं भर चौकात तिचं आणि गिल्बर्टचं नाव पुकारलं आणि मग तिथेच टेबलापुढे लग्न लागलं. मागे विकायला आणलेली डुकरं केकाटत होती. ना पाद्री, ना अंगठी. गिल्बर्ट पार्लमेंटच्या फौजेतला शिपाई, त्याला त्याचाच तोरा. थॅमसिन मात्र मनात म्हणायची, देवापर्यंत पोचलं असेल ना हे?

मग एक मुलगी झाली, प्रिस. संसार चालला होता. आणि एके दिवशी मारलेल्या राजाचा मुलगा समुद्रापलीकडून परत आला. गावानं घंटा बडवल्या, माळावर बिअरची पिंपं फोडली. काल राजाला शिव्या देणारेच आज त्याच्या नावानं झिंगत होते. फौज मोडली आणि गिल्बर्ट तोंड पाडून घरी बसला.

शेजारची ऑड्री जिभेची तिखट. ती म्हणाली, "डुकरांच्या साक्षीनं झालेलं तुझं लग्न, ते नव्या राजाला चालणार का गं? मग पोरीला काय म्हणायचं आम्ही?"

हाकलून दिलेले जुने पाद्री चर्चमध्ये परतले होतेच. थॅमसिननं जेवताना विषय काढला.

"अहो, एकदा चर्चमध्ये उभे राहू या. पोरीला नावं नकोत."

गिल्बर्टचा घास हातातच राहिला. "म्हणजे आजवर आपण नवरा-बायको नव्हतोच?"

"तसं नाही हो, पण लोक..."

"नाही, बरोबर बोललीस तू."

कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला. वेडीला वाटलं, खूश झाला.

रविवारी ती धुतलेला झगा घालून, हातात लग्नाच्या शकुनाची रोझमेरीची डहाळी घेऊन प्रिससह चर्चच्या दारात उभी राहिली. नवरदेव आलाच नाही. बंदराकडून आलेल्या गाडीवानानं सांगितलं, गिल्बर्ट वाटेत भेटला, पाठीवर गाठोडं होतं, म्हणत होता, "राजा आला अन् मी सुटलो."

थंडी सुरू होता होता पाद्री स्वतः तिच्या दारी आले. हसतच आले.

"बाई, आनंदाची बातमी! चौकातली सगळी लग्नं खरी धरायची, असा कायदा झालाय. पोरीकडे कुणी बोट दाखवणार नाही आता."

"आणि ते?"

"तो असेल तिथे तुझा नवराच. मरेपर्यंत."

थॅमसिन उंबऱ्यावरच खाली बसली.

"म्हणजे लग्न झालेलंच होतं, पाद्रीबाबा," ती म्हणाली. "मी विचारलं नसतं तर ते घरी असते."