अप्पारावांचं बोट आणि तीन सैल तारा

गारखेड्यातल्या बायका अजूनही दबक्या आवाजात सांगतात, की अप्पारावांचं डाव्या हाताचं बोट त्यांच्या बायकोनंच विळीवर कापलं. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. तिथं एक गाणारीण होती म्हणे, आणि तिच्याकडं बघून हे जरा जास्तच वाजवायचे. शेजारचा कडुबा तर विळीच्या पाटाचा रंगसुद्धा सांगतो. खुद्द अप्पारावांना विचारलं, तर ते नुसतं हसून स्वयंपाकघराकडं बघायचे. म्हणजे झालंच की! तेव्हापासून त्यांच्या बायकोशी, रत्नमालाबाईंशी, भाजीवाल्यानंसुद्धा हुज्जत घातली नाही.

गेलं ते नेमकं करंगळीशेजारचं, तारा दाबायला लागणारं बोट. गिटार जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली. पुढं ऑर्केस्ट्रा मोडला, वाळूजच्या कंपनीतली नोकरी संपली, केस गेले, निम्मे दात गेले. पण रस्त्यानं एखादी वरात वाजत निघाली, की उरलेली बोटं मांडीवर आपोआप चालू लागायची. रत्नमाला ते बघायची आणि न बघितल्यासारखं करायची.

गेल्या दिवाळीत नात श्रेया एक पुस्तक घेऊन आली. एकट्यानं, नुसत्या बोटांनी गिटारवर वाजवायच्या धुना. सहा तारांच्या सहा रेघा, त्यांवर कुठल्या पडद्यावर बोट दाबायचं त्याचे आकडे.

"आबा, यात डाव्या हाताला काम कमीय," ती म्हणाली. "मोकळ्या ताराच बोलतात."

म्हातारा पेटला. एक अख्खी धून बसवायची आणि मग रत्नमालेला ऐकवायची, एवढीच हौस. अर्धवट काही तिच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं. त्यामुळं ती दुपारी शेजारी पापड लाटायला गेली, की गिटार खाली यायची.

पण आकड्याबरहुकूम बोट ठेवावं, तर तारा नुसत्या रडायच्या. कडुबा भिंतीवरून डोकावला.

"अप्पा, मांजर पाळलं का?"

"व्हय. तुझ्यासारखंच हाय, दुसऱ्याच्या घरात तोंड घालतंय."

होळीपर्यंत ते झगडले. मग खोट त्या बोटाचीच, असं ठरवून गिटार चादरीत गुंडाळायला लागले. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"माळ्यावर ठेवायलेत का?"

अप्पाराव चपापले. "तुला ठाव हाय?"

"समद्या गल्लीला ठाव हाय. पापड लाटताना बायका इचारत्यात, मालकाला कळा येत्यात का म्हणून."

"बोटाबिगर जमत नाय, रत्ना."

तिनं पुस्तक ओढलं आणि पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं. "हितं बारीक अक्षरात काय लिवलंय?"

"असंल काहीतरी."

"बाटलीवरचं बी कधी वाचलं नाय तुमी. मालिशचं तेल खोकल्यावर पिलं व्हतं."

अप्पारावांनी चष्मा चढवला. तीन तारा एकेक सूर खाली उतरवा, मगच वाजवा, असं तिथं छापलेलं. जन्मभर गिटार एकाच तऱ्हेनं सुरात लावलेला माणूस. पुस्तक उघडलं की थेट पहिल्या आकड्यावर उडी. त्यांनी खुंट्या पिळून तारा सैल केल्या आणि अंगठा फिरवला. एकही पडदा न दाबता अख्खी गिटार एका सुरात घुमली. ऑर्केस्ट्राच्या दिवसांतल्या लग्नमंडपातल्या पेट्रोमॅक्स बत्तीचा वाससुद्धा आला त्यांना.

रत्नमाला पदरानं हाताचं पीठ पुसत खाली बसली. धून अडखळली, दोनदा थांबली, पण शेवटाला पोचली.

"त्या गाणारणीचं नाव काय व्हतं हो?"

"आठवत नाय."

"मला आठवतंय," ती हसली. "पर आता लोकांना खरं सांगून टाका. माझ्या विळीची अब्रू गेली."

बोट कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेलं होतं. मशीन चालू असताना अप्पाराव डावा हात मशीनच्या कडेवर ठेवून संध्याकाळच्या गाण्याचे पडदे धरून बघत होते. लोकांनी गिटारला नावं ठेवू नयेत म्हणून दोघंही गप्प राहिली. रत्नमाला तर त्या दिवशी घरातसुद्धा नव्हती, माहेरी होती.