दोन घरांची एक भिंत

“ब्रेकर बंद करा!” मी जिन्यावरूनच ओरडले. भिंत फोडणारं मशीन थांबलं.

भिंतीत खाच पाडून तिच्यावर स्टीलचा बीम टेकवायचा, असं आधीच्या कन्सल्टंटचं ड्रॉइंग होतं. मी त्याच आठवड्यात काम हाती घेतलं होतं. शेजारच्या लिम आंटी दारात उभ्या होत्या. केसांवर चुन्याची पूड.

“माझ्या देवघरामागे चीर पडली,” त्या म्हणाल्या.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मूळची पुण्याची. सिंगापुरात जुन्या इमारती सांभाळते. हे घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या रांगेतलं. लाकडी झडपांच्या खिडक्या, वर चुन्यात घडवलेली फुलं. सगळी रांग कॉन्झर्वेशनखाली, म्हणजे जतनासाठी राखलेली. दोन घरांमध्ये भिंत एकच. तिला पार्टी वॉल म्हणतात. दोन्हीकडच्या लाकडी तुळया तिच्यातच टेकलेल्या.

बॉसचा फोन आला. “प्लास्टरची चीर असेल. चायनीज न्यू इयरआधी ताबा द्यायचाय.”

“असेलही. पण पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही.”

मग घराचे मालक आले, मिस्टर टॅन. चिडलेलेच. “भिंत माझ्या घरात आहे. शेजारणीचा काय संबंध?”

मी वाद घातला नाही. त्यांना आंटींकडे घेऊन गेले. तिथली छताची एक फळी काढली. आमच्या खाचेच्या बरोबर मागे आंटींच्या तुळईचं टोक होतं. मध्ये जेमतेम एक वीट उरलेली.

टॅननी विटेवर हात ठेवला. “मग माझी भिंत संपते कुठे?”

“संपतच नाही.”

ते आंटींकडे वळून म्हणाले, “सॉरी, आंटी.”

आधी तुळईखाली टेकू दिले. खाच चुन्याच्या मसाल्यात विटा बसवून बुजवली. नवीन स्टीलला स्वतःचे खांब, स्वतःचा पाया. भिंतीवर त्याचा भार शून्य. हॉल थोडा अरुंद झाला. टॅन कुरकुरले, पण सिंगापुरी ढंगात “ओके, लाह,” म्हणाले.

आंटींकडच्या चिरेवर मी काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत हलली की काच तडकते. टेकू काढले त्या दिवशी आम्ही सगळे त्या पट्टीसमोर उभे होतो. आंटी उदबत्ती हातात धरून. शेवटचा टेकू निघाला. काच शाबूत!

बॉसने फक्त मान डोलावली. मला तेवढं पुरलं. आजही त्या रस्त्यावरून जाताना माझी चाल मंदावते आणि मी ती रांग डोळे भरून पाहते.

सामायिक भिंतीचं काम निघालं तर आधी शेजाऱ्याकडे चहा प्यावा. ड्रॉइंग नंतर काढावं.