नर्मदाताईंचे दोन फोन

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. नर्मदाताई दर बुधवारी सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन जिना चढायच्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, खिडकीखाली ती उतरवायच्या. दुसरं कुणी असतं तर त्यानं आधी घाम पुसला असता. ताई आधी कमरेची पिशवी सोडायच्या, तिच्यातून दोन फोन काढायच्या, एक या हातात, एक त्या हातात धरून खिडकीकडे करायच्या आणि दोन्हींवरच्या रेंजच्या दांड्या मोजायच्या. "आज हिच्या चार, तिच्या दोन," असं स्वतःशीच म्हणायच्या. घामाचा नंबर त्यानंतर लागायचा.

या बाईचा मी दोन वर्षं मत्सर केला. बावन्न वर्षांचा माणूस, एका बऱ्या कंपनीच्या खरेदी विभागात नोकरी, आणि मत्सर कुणाचा, तर बोंबील-जवळा विकणाऱ्या बाईचा. लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा वाटत नव्हती, तेव्हा नुसता जळत होतो.

ताई मोरा बंदराकडच्या. तिथून दोन बस बदलून नवीन पनवेलला यायच्या. गिऱ्हाइकं फोनवर मागणी सांगायची, म्हणून फोन हे त्यांचं दुकानच. "गिराईक येकदा फोन करतो, भाऊ. लागला नाय तं दुसऱ्या मासलीवालीला करतो," त्या सांगायच्या. म्हणून दोन कंपन्यांची दोन सिम, आणि दोन फोन. वर्षानुवर्षं जिने चढून त्यांच्या डोक्यात एक नकाशाच तयार झाला होता. कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, मागच्या खोलीत की पुढच्या, कुठली कंपनी लागते आणि कुठली नुसती गोल गोल फिरत बसते, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यामुळे आमच्या इमारतीत कुणालाही फोन घ्यायचा झाला, की बुधवारची वाट पाहिली जायची.

आता माझं दुःख ऐका. खरेदी हा माझा धंदा आहे. तीन कोटेशन मागवल्याशिवाय मी ऑफिसात झाडूसुद्धा घेऊ देत नाही. मोबाइलवरचे रात्रंदिवस चालणारे व्हिडिओ बघून मला प्रोसेसरची नावं आमच्या नातेवाइकांच्या नावांपेक्षा जास्त येतात. तरी तळमजल्यावरच्या कुलकर्णी काकांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. काका शुद्ध शाकाहारी. सुकटीच्या वासानं बुधवारी दारंखिडक्या लावून घेणारे. तेच काका एका बुधवारी नाकाला रुमाल लावून दोन मजले चढून वर आले. मी दारातच उभा होतो. मला ओलांडून पुढे गेले.

"नर्मदाबाई, फोन घ्यायचाय. स्वस्तातला," रुमालातून आवाज आला.

"काय करनार फोनात?"

"नातवाला बघायचं. बंगलोरला असतो."

"मग म्होरचा क्यामेरा बघा, मागचा नको. मागून काय कावले काढायचेत? आनि जागा मोठी घ्या. नातवाचा फोटो कोन पुसत नाय."

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, "काका, रॅम किती आहे ते आधी—"

काकांनी रुमाल न काढता मला हातानं थांबवलं. ताई मात्र थांबल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ सांगतान ते पन बघा." मला बाजूला सारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला सामावून घेतलं, आणि ते जास्त लागलं.

त्यांचे नियम ठरलेले होते. फोन दुकानाच्या दिव्याखाली बघायचा नाही, रस्त्यावर उन्हात धरून बघायचा. दुकानातून त्यांना फोन लावायचा. त्या बाजारात गलक्यात उभ्या असायच्या, तिथे आवाज ऐकू आला तर पास. "बिगडला तर पनवेलात कोन उघडंल ते आदी इचारा. पुन्याला धाडतो बोल्ला, तर ठेवा खाली." आणि सिमबद्दल: "जाहिरात बघून नाय घ्यायचा, आपल्या घरातली भिंत बघून घ्यायचा."

माझी आई तेव्हा चौऱ्याहत्तरची. तिची धाकटी बहीण, आमची मावशी, कराडला अर्धांगाच्या झटक्यानं अंथरुणाला खिळली होती. वाचा गेली होती. ऐकू यायचं, डोळे फिरायचे. आईच्या गुडघ्यांना कराडचा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. आईकडे होता बटणांचा फोन. मावशीच्या सुनेनं तो मावशीच्या कानाशी धरायचा आणि आईनं एकटीनंच बोलायचं. एक दिवस आई म्हणाली, "मला तिचं तोंड दिसेल असा फोन घे. महाग नको." मग जरा थांबून म्हणाली, "नर्मदेला विचारून घे हं."

त्या एका वाक्यानं पुढचं सगळं केलं.

मुलीच्या कॉलेजच्या फीमुळे घरात हात आखडता होता. वायफायचा विषय तिच्या पदवीपर्यंत पुढे ढकलला होता. फोनसाठी आठ हजार, त्यावर एक रुपया नाही, असं सुनीताशी, म्हणजे बायकोशी ठरलं. मी बुधवारच्या आतच कामाला लागलो. अकरा रकान्यांचा तक्ता केला. सुनीतानं तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि विचारलं, "छान आहे. यात आई कितव्या रकान्यात आहेत?"

मी ऑनलाइन सेलमध्ये फोन मागवला, सात हजार नऊशेला. आणि जी कंपनी वर्षभराचा रिचार्ज सगळ्यात स्वस्त देत होती, तिचं सिम घेऊन पुऱ्या वर्षाचे पैसे एकदम भरून टाकले. बुधवारी ताई आल्या तेव्हा फोन आईच्या हातात होता. मी मुद्दाम दारात उभा राहिलो.

ताईंनी फोन उलटापालटा करून बघितला. "झ्याक हाय," म्हणाल्या. मग सिम कुठलं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आमच्या मागच्या, आईच्या खोलीकडे एकदा नजर टाकली. त्या खोलीच्या खिडकीला चिकटून गेल्याच वर्षी एक उंच इमारत उभी राहिली होती. मग ताईंनी टोपली उचलली आणि वर गेल्या. त्या दिवशी मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

पुढचे तीन आठवडे मी ऑफिसातून आलो की विचारायचो, "दिसली का मावशी?" आई म्हणायची, "दिसली हो. अगदी समोर बसल्यासारखी." मी सुनीताकडे बघायचो. सुनीता भाजी निवडत बसायची.

एका बुधवारी ताप आला म्हणून मी अर्ध्या दिवसानं निघालो. घराशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. दाराला किल्ली लावत होतो तोच वरून आईचा आवाज आला. अर्धा जिना वर चढलो. वळणावर खिडकीखाली आई पाटावर बसली होती. शेजारी टोपली. आणि नर्मदाताई खिडकीच्या गजांशी उभ्या राहून, हात लांब करून, मी घेतलेला फोन आईसमोर धरून होत्या. आई मावशीला सांगत होती, "आज पडवळाची भाजी केली सुनीतानं. तुला आवडायची नाही, आठवतं का?" पडद्यावर मावशीनं डोळे मिटून उघडले. आई हसली.

मी तिथेच उभा राहिलो. फोन संपल्यावर म्हटलं, "आई, घरात का नाही बसत?"

आई दचकली. नवा फ्रॉक फाडून आलेल्या मुलीसारखं तोंड केलं तिनं. म्हणाली, "घरात ती मध्येच थांबते रे. तोंड तसंच उघडं राहतं. मग मला कळत नाही, फोन थांबलाय की ती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढ्या हौसेनं घेतलास."

इतके दिवस गुडघे दुखणारी माझी आई रोज चार वाजता अर्धा जिना चढत होती. इतर दिवशी सुनीता फोन धरायची, बुधवारी ताई. सुनीताला ती जागा ताईंनीच पहिल्या आठवड्यात शोधून दिली होती. माझं सिम सबंध इमारतीत त्या एका खिडकीत लागत होतं, पळस्प्याच्या बाजूला तोंड केलं की.

मी ताईंकडे बघितलं. बोलतील असं वाटलं, आणि खरं तर बोलावं असंच वाटत होतं. त्या हात चोळत म्हणाल्या, "फोन चांगलाच घेतला भाऊ तुमी. आवाज बघा कसा हाय. नुसता शिम चुकला."

"वर्षाचे पैसे भरलेत ताई."

"भरले तं भरले. त्याला र्‍हाऊ द्या तितंच. फोनाला दुसरा घर हाय ना रिकामा? त्यात दुसरा शिम टाका, म्हैन्याचा बारका रिचार्ज मारा."

माझ्या तक्त्यातला सातवा रकाना: दोन सिमची सोय, आहे. मीच लिहिला होता.

मग ताई दोन फोन दोन हातांत धरून आमच्या घरात शिरल्या. स्वयंपाकघर, पुढची खोली, आईची खाट. मागे आई, तिच्यामागे सुनीता, सगळ्यात शेवटी तापलेला मी. खाटेच्या डोक्याशी ताई थांबल्या. "हितं हिच्या तीन. आई, हितंच बसा." दहा मिनिटं लागली असतील. सुनीतानं ताईंना आल्याचा चहा दिला, कान असलेल्या चांगल्या कपातून. मला पातेल्यात उरलेला मिळाला, आणि ताप कुणी विचारला नाही.

त्यानंतर मावशी सात महिने होती. आईनं खाटेवर बसून तिला रोज काहीबाही सांगितलं: भाज्या, शेजारीपाजारी, लहानपणीची भांडणं. एकदाही चित्र थांबलं नाही. मावशी गेली त्या दिवशीही सकाळी सुनेनं फोन लावून दिला होता. आई मला एवढंच म्हणाली, "शेवटी बघितलं तिनं माझ्याकडे. थांबलं नव्हतं काही."

पुढच्या उन्हाळ्यात ताईंचेही गुडघे बोलायला लागले. त्यांची सून म्हणाली, आता जिने बंद. शेवटच्या बुधवारी त्या टोपली न घेता आल्या, आमच्या सोफ्यावर टेकल्या, आईला जवळ्याची पुडी दिली. आईनं त्यांना हळदीकुंकू लावून ओटी भरली. दोघी गुडघ्यांवर बोलल्या. निघताना मला म्हणाल्या, "भाऊ, आता कोन इचारायला आला, तं तुमी सांगत जा." कुणी येत नाही. कुलकर्णी काका हल्ली ताईंना मोऱ्याला फोन करून विचारतात.

गेल्या आठवड्यात ऑफिसात चार वाजायला पाच मिनिटं होती. काय वाटलं कोण जाणे, मी आईला फोन लावला. एका घरात राहतो, तेव्हा असा फोन मी कधी केलेला नव्हता. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"काय रे? बरा आहेस ना?"

"बरा आहे. सहज केला. काय करतेस?"

"काही नाही, बसलेय खाटेवर." मग जरा घाईनं म्हणाली, "बरं ऐक, तू आता ठेव बाळा. नर्मदेचा फोन यायची वेळ झाली."

मी ठेवला.