दोन मोटा, दोन जागा

केडगावच्या राधाकृष्ण डहाळे गुरुजींनी आयुष्यात पुण्यापलीकडे पाऊल टाकले नव्हते. परंतु आसपासच्या चार गावांत कोणाला काशीला जायचे असो की द्वारकेला, बेत आखायला लोक त्यांच्याच ओट्यावर येत. गाडी कोठे बदलावी, कोणत्या धर्मशाळेत उतरावे, कोणत्या स्थानकावर पिण्याचे पाणी पुलाखाली मिळते, हे सारे गुरुजींना तोंडपाठ. यात्रेकरू गंगेचे पाणी घेऊन परतत, गुरुजींना प्रसादाचा पेढा मिळे, आणि पेढा खाता खाता गुरुजी पुढच्याचा बेत आखत. ज्याने मुलांना जग शिकवायचे, त्याला ते एकदा दाखवावे, असे आपल्या व्यवस्थेला कधी सुचलेले नाही. भूगोलाच्या शिक्षकाला ती भिंतीवरचा नकाशा देते, आणि तोही उंदरांनी आफ्रिका खाल्लेला.

गुरुजींची शाळा जामखेडच्या रस्त्यावरील एका गावी होती. सोमवारी एस.टी.ने जायचे, आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी केडगावला परतायचे, असा क्रम वीस वर्षे चालला होता. शाळेच्या त्या गावात भिमाजी आणि बन्सी हे दोघे सख्खे भाऊ राहत. एका गोठ्याच्या दारावरून त्यांची वाटणी झाली, घरात मधोमध भिंत उभी राहिली आणि त्या दिवसापासून दोघांत शब्द उरला नाही. विहिरीत मात्र भिंत घालता आली नाही. म्हणून एकाच विहिरीवर दोन मोटा चालत. भिमाजीचे बैल उतारावरून खाली जात तेव्हा बन्सीचे मागे मागे वर येत. एकाची मोट पाण्याने भरून वर चढे, तेव्हा दुसऱ्याची रिकामी होऊन आत उतरे. आणि बैलांना चाल मिळावी म्हणून दोघे गात. एकाने विचारायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. न बोलणारे भाऊ पहाटेपासून उन्हे चढेपर्यंत असे एकमेकांशी गात असत. गावाला यात काही नवल वाटत नव्हते.

एकोणीसशे सत्तर सालच्या हिवाळ्यात एक परदेशी बाई टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडत तेथे आल्या. इंग्रजी बोलणारा माणूस म्हणून डहाळे गुरुजींना वर्गावरून बोलावून आणण्यात आले. बाईंनी भिमाजीच्या बाजूला यंत्र ठेवले, अर्धा दिवस ध्वनिमुद्रण केले, ताक प्यायल्या आणि गेल्या. उन्हाळ्याच्या तोंडी स्वित्झर्लंडहून गुरुजींच्या नावे आमंत्रण आले. तेथील एका डोंगरी गावात येत्या शरदात निरनिराळ्या देशांतील कामकऱ्यांच्या गाण्यांचा उत्सव भरणार होता. आपल्या विहिरीच्या प्रतिध्वनीबरोबर गाणाऱ्या त्या विलक्षण गायकाने यावे, आणि सोबत इंग्रजी जाणणाऱ्या एका व्यक्तीने यावे. जाण्यायेण्याचा व राहण्याचा भार उत्सवाचा. जागा दोन.

गुरुजींनी ते आमंत्रण वाचले, तेव्हा त्यांचे लक्ष ‘सोबत एका व्यक्तीने’ येथेच खिळून राहिले. प्रतिध्वनीचा उल्लेख त्यांनी कवितेत शोभावा असा अलंकार समजून सोडून दिला. पुढे जे घडले त्याचे मूळ या घाईत होते.

रजेसाठी ते मुख्याध्यापकांकडे गेले.

“स्वित्झर्लंड?” मुख्याध्यापक हसले. “अहो डहाळे, आपल्या नगरचा किल्ला तरी आतून पाहिलात का?”

“नाही पाहिला,” गुरुजी म्हणाले. “सहलीच्या दिवशी मुलांना घेऊन आपण गेलात आणि मला आपले तास घ्यायला ठेवलेत.”

रजा मिळायला दीड महिना लागला. पासपोर्टसाठी चारित्र्याचा दाखला हवा होता, आणि ज्या पुढाऱ्याने गुरुजींना कधी पाहिलेही नव्हते त्याने तो दिला. ज्यांनी वीस वर्षे पाहिले त्यांना तो देण्याचा अधिकार नव्हता. पण गुरुजी हटले नाहीत. ज्या खिडकीवरून परत पाठवले त्याच खिडकीवर ते दुसऱ्या दिवशी उभे राहत. अखेर पासपोर्ट आला. पत्नी रतनबाईंनी तो हातात घेऊन फोटो न्याहाळला.

“फोटोत तरी हसायचं होतं,” त्या म्हणाल्या. “तिकडच्या लोकांना वाटेल, ह्यांना बळजबरीनं आणलंय.”

त्यानंतर गुरुजी राहण्याच्या व्यवस्थेला लागले. उत्सवाने जवळच्या शहरातील हॉटेलात खोली योजली होती. गायकाची पसंती विचारावी म्हणून ते भिमाजीच्या ओसरीवर गेले.

“हाटेल कशाला?” भिमाजी म्हणाला. “शेतकऱ्याच्या घरी टाका आमाला. आन् गुर्जी, बैलं न्हाईत तर न्हाईत, पन गायाला उतार पायजे. सपाटीवर माझा गळा धरतो.”

“उतार मिळेल. तो सारा देशच उताराचा आहे. तुम्ही, मी, आणि तुमच्या गाण्याला तिथल्या डोंगराचा प्रतिध्वनी...”

“परती... काय?”

गुरुजींनी समजावून सांगितले. विहिरीत तुमचा आवाज आदळून परत येतो ना, तो. बाईंना तो फार आवडला.

भिमाजी तंबाखू मळता मळता थांबला. मग त्याने भिंतीकडे अंगठा केला. “हिरीतनं कसला आवाज येतोय? त्यो पल्याडचा हाय. बन्सी.”

गुरुजींच्या आता ध्यानात आले. यंत्र भिमाजीच्या बाजूला होते. बन्सीचा आवाज विहीर ओलांडून दुरून उमटला होता, आणि तिकडे नुसती फीत ऐकणाऱ्यांनी त्याला दगडाचा आवाज ठरवले होते.

“तुम्हाला एकट्याला गाता येईल ना?” त्यांनी विचारले.

“बघूया की.”

दोघे विहिरीवर गेले. दुपारची वेळ, बैल सोडलेले. भिमाजी धावेवर, म्हणजे बैलांच्या त्या उतारावर, उभा राहिला आणि त्याने कानाशी हात नेऊन खणखणीत ओळ टाकली. ओळ संपली. तो थांबला. पुढची ओळ त्याला ठाऊक नव्हती असे नव्हे. पण उत्तर आल्याखेरीज दुसरा प्रश्न कसा विचारायचा, हे त्याला उमजेना. त्याने पुन्हा तीच ओळ टाकली आणि ओशाळून हसला.

“एका बैलाची मोट झाली ही, गुर्जी. वडायची तर वडंल, पन पानी यायचं न्हाई.”

गुरुजींनी उत्सवाला तिसरी जागा मागितली. उत्तर अत्यंत नम्र होते, आणि नकाराचे होते.

आता प्रश्न उघडा होता. दोन जागांवर भिमाजी आणि गुरुजी गेले, तर गुरुजी जग पाहणार होते आणि गाणे अर्धे होणार होते. दोन्ही भाऊ गेले, तर गाणे पूर्ण आणि गुरुजी पुन्हा ओट्यावर. तिकडे कोणाला काय कळणार होते? विहीर नव्हती म्हणून प्रतिध्वनी आला नाही, असे सांगितले असते तरी टाळ्या पडल्याच असत्या. शाळेत ज्यांनी गुरुजींच्या हक्काच्या बढतीच्या जागांवर आपापले भाचे-पुतणे बसवले, त्यांनी असला विचार क्षणभरही केला नसता. गुरुजींनी तो शनिवारी एस.टी.त बसल्यापासून केला आणि घरी जेवतानाही करीत राहिले.

“काय ठरलं?” रतनबाईंनी विचारले.

“मी गेलो नाही तर त्या दोघांचे तिकडे हाल होतील. त्यांना अक्षरओळख नाही. झुरिचच्या विमानतळापासून गावापर्यंत वाटेत दोनदा गाडी बदलायची आहे.”

“म्हंजे तुम्ही त्यांच्यासाठी चाललात.”

“तसेच.”

“मग इतकं तोंड कशाला पाडलंय?” त्यांनी ताटात भाकरी वाढली. “त्या शेजारच्या झुंबरबाई कधी घराबाहेर पडल्या नव्हत्या. तुम्ही बेत आखून दिलात आणि एकट्या काशी करून आल्या की.”

गुरुजी ताटावरून उठले ते निश्चय करूनच. दोघा भावांना पोचवण्याजोगा बेत आपल्याला आखता आला, तर आपण जायचे नाही. आणि आखता आला नाही, तरच जायचे. मात्र आखताना मुद्दाम चूक करायची नाही. ही दुसरी अट अधिक अवघड होती.

बन्सीला विचारायला ते भिंतीच्या पलीकडच्या दाराने गेले. बन्सी दावे वळत होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

“म्हंजे तिकडच्या लोकांनी मला हीर समजलं,” तो म्हणाला. “बरं झालं, डबकं न्हाई समजलं. पन गुर्जी, एका खोलीत त्येच्यासंगं मी निजायचो न्हाई.”

गुरुजींनी उत्सवाला लिहिले : शेतकऱ्याचे घर असावे, मागे उतार असावा, आणि खोल्या दोन असून दोहोंना स्वतंत्र दारे असावीत. वेगळ्या झालेल्या भावासाठी बाहेरून स्वतंत्र जिना काढलेली खोली असलेले एक घर तिकडे निघाले. जगात सर्वत्र भाऊ असतात, एवढाच याचा अर्थ.

मुक्काम ठरला, तसा प्रवास शिकवण्याचा प्रश्न आला. गुरुजींनी नकाशा पसरला, विमानाचे चित्र दाखवले, पाट्यांचे रंग सांगितले. भिमाजीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरला. बन्सीचेही तेच.

“असं कोरडं न्हाई टिकत डोस्क्यात,” भिमाजी म्हणाला. “आमाला येतं त्ये समदं नाड्यावर बसून आलंय.” मोटेचा जाड दोर तो नाडा, बैल उतारावर निघाले की त्याच्यावर बसून हाकायचे असते.

गुरुजींनी त्या रात्री संपूर्ण प्रवास शार्दूलविक्रीडितात बसवला. सकाळी वाचून दाखवला, तेव्हा बैलसुद्धा जागचे हलले नाहीत. “लगीन लावताय व्हय?” भिमाजीने विचारले. मग त्याने स्वतःच शब्द मोडून आपल्या चालीवर घेतले, आणि विहिरीपलीकडून, कोणी न सांगता, बन्सीने उत्तर जोडले. पाच-सहा पाळ्यांत गाणे चालू लागले.

दौंड आलं माझ्या राजा, सांग कुठं वळायाचं?
लोखंडी पूल चढून पल्याड ममईला बसायाचं.

इमान टेकलं माझ्या राजा, कुणामागं चालायाचं?
लोकांमागं चालायाचं, पिशव्यांपाशी थांबायाचं.

असे ते गाणे स्वित्झर्लंडच्या शेवटच्या स्थानकापर्यंत गेले. आषाढ सरेपर्यंत मोटेवर दुसरे गाणे नव्हते. पाणी भरायला येणाऱ्या बायकांनाही झुरिचला गाडी कोठे बदलायची ते पाठ झाले.

दोन नावे कळवण्याची मुदत जवळ आली, तेव्हा गुरुजींनी परीक्षा ठरवली. भावांनी नगरहून गाडीत बसायचे, दौंडला गाडी बदलायची आणि पुण्याला उतरायचे. गुरुजी मागच्या डब्यात बसणार. काही झाले तरी तोंड उघडणार नाहीत.

दौंडला दोघे उतरले. भिमाजी फलाटावर एका खांबापाशी उभा राहिला, बन्सी दुसऱ्या. माणसांचा लोंढा पुलावर चढून गेला. दोघे जागचे हलले नाहीत. पलीकडच्या फलाटावर मुंबईची गाडी येऊन उभी राहिली.

गुरुजींना कोडे सुटेना. आणि सुटले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. भिमाजीला केवळ प्रश्न पाठ होते. बन्सीला केवळ उत्तरे पाठ होती. ज्याला वाट ठाऊक होती तो विचारल्याखेरीज सांगणार नव्हता, आणि ज्याला विचारायचे होते तो भावाशी बोलणार नव्हता. अवघ्या बेतात गुरुजींनी दोन देशांची वेळापत्रके जुळवली होती. दोन खांबांमधले हे अंतर त्यांच्या हिशेबात आले नव्हते.

आता नुसते गप्प उभे राहिले, की काम झाले होते. गाडी निघून गेली असती. भाऊ नापास, गुरुजी स्वित्झर्लंडला. चूक मुद्दाम केलेली नव्हती, तेव्हा अटही मोडत नव्हती. गुरुजींनी मुठी आवळल्या आणि ते उभे राहिले. त्यांची इच्छा फार उदात्त नव्हती. गाडी सुटावी, असे त्यांना वाटत होते. मनापासून वाटत होते.

तेवढ्यात भिमाजीने कानाशी हात नेला.

“दौंड आलं माझ्या राजा...”

हमालांनी ओझी खाली ठेवली. चहावाला थबकला. फलाट सपाट असल्याने भिमाजीचा गळा खरोखरच धरला होता, आवाज फाटत होता. तरी ओळ शेवटापर्यंत गेली. क्षणभर काहीच आले नाही. मग दुसऱ्या खांबापासून बन्सीने उत्तर टाकले, आणि टाकता टाकताच तो पुलाकडे चालू लागला. भिमाजी त्याच्या मागे.

“ए पाव्हनं, लगीन कुनाचं?” एक हमाल ओरडला.

“तुज्या आजाचं!” बन्सी पायऱ्यांवरून ओरडला. दोघे धावत पुलावर चढले, पलीकडे उतरले आणि डब्यात शिरले.

गुरुजींनीही गाडी गाठली. पुण्याला ते तिघे फलाटावर भेटले. भिमाजीने टोपी काढून घाम पुसला.

“पास का नापास, गुर्जी?”

गुरुजी तडक स्थानकावरच्या तारघरात गेले आणि त्यांनी उत्सवाला तार केली : प्रतिध्वनी स्वतः येत आहे, दुसरी जागा त्याची, नाव बन्सी. तारबाबूने मजकूर दोनदा वाचून त्यांच्याकडे रोखून पाहिले. “असेच पाठवा,” गुरुजी म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केले. त्यांनी चष्मा पुसला, आणि तो पुरेसा स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले.

मग ते भावांकडे वळले. भिमाजी बाकाच्या एका टोकाला होता, बन्सी दुसऱ्या टोकाला.

“तुमी न्हाई येत व्हय?” बन्सीने विचारले. तारघरातून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याला ते समजले असावे.

“नाही. आणि म्हणूनच तुम्हाला सुटका नाही. उद्यापासून तुमच्या पासपोर्टसाठी खिडक्या धरायच्या आहेत. त्या खिडक्या मला ओळखतात. या वेळी त्यांना पळता येणार नाही.” गुरुजी बाकाच्या मध्यभागी बसले. “पण आधी हे. परतीच्या गाडीला अवकाश आहे. आता उलट म्हणायचे. बन्सी, तुम्ही विचारायचे. भिमाजी, तुम्ही सांगायचे.”

“हितं? लोकांत?” भिमाजी म्हणाला.

“इथेच. एकाचा गळा तिकडे थंडीने बसला, तर दुसऱ्याला दोन्ही बाजू याव्यात. चला, नगरपासून.”

बन्सीने कुरकुरत कानाशी हात नेला.