संपलं का, सर?

घाटगे सरांचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. माळ्यावर रिकाम्या पिशव्या साठतात तसे ते आपोआप साठले. आमच्या डान्स क्लासच्या जुन्या मंडळींपैकी कुणी घरी आलं की एक किस्सा निघतो, त्याच्यामागून दुसरा निघतो आणि चहा तसाच राहतो.

सर म्हणजे आख्ख्या कोल्हापुरात पियानोवर स्वतःचं संगीत रचणारा, निदान माझ्या माहितीतला, एकमेव माणूस! लहानपणी चर्चमध्ये पियानो शिकले. नव्वदच्या दशकात राजारामपुरीत माझ्या कथ्थकच्या क्लाससमोर राहायला आले. मी सहज म्हटलं, ‘सर, आमच्या मुलींसाठी काहीतरी रचा की.’ तिथून गोंधळ सुरू झाला.

*

कथ्थकमध्ये कितीही गिरक्या घ्या, शेवटी समेवर यावंच लागतं. समेवर आलात की टाळी! सरांच्या रचनेवर मुली फिरफिर फिरताहेत आणि सम काही येईना.

‘सर, सम कुठाय?’

‘मागेच गेली.’

‘परत कधी येणार?’

सर विचारात पडले. ‘येईलच असं नाही.’

शेवटी मुलींनी आपसांत ठरवलं, की सर नाकावरचा चष्मा वर सरकवतील ती सम. तालमी झकास झाल्या. आणि गॅदरिंगला सर चष्मा घरी विसरून आले! मी विंगेतून ओरडले तेव्हा कुठे मुली थांबल्या.

*

त्या गॅदरिंगचे निवेदक माझे दीर, विजयभाऊजी. शाहूपुरीत त्यांचं गुळाचं दुकान. कार्यक्रम कुणाचाही असो, माइक भाऊजींचा.

सरांची एक सवय होती. शेवटचा सूर वाजवला की ते बोट उचलायचे नाहीत. तो सूर विरत विरत पार नाहीसा होईपर्यंत डोळे मिटून ऐकत बसायचे. त्या दिवशीही बसले, आणि भाऊजींनी माइक घेतला, ‘आता मी आभार मानतो...’

सर खाली येऊन म्हणाले, ‘अजून संपलं नव्हतं हो.’

‘बोटं थांबलती की!’

‘सूर चालू होता.’

‘मला न्हाई आला ऐकू.’

‘तुम्ही बोलत होता.’

भाऊजींनी माइक सरळ माझ्या हातात दिला. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडलं!

जाताना सर जिन्यात थांबले. ‘नीलाताई, सुरानंतरची शांतताही मी रचलेली असते. ती कुणीतरी पुरती ऐकावी. एकदा, फक्त एकदा.’ मला धड काही कळलं नाही, पण वाईट मात्र फार वाटलं.

*

पुढे जोतिबाच्या यात्रेतला ढोल ऐकून सरांनी एक नाच रचला. तिथले गुलालाचे दुकानदार चौगुले मामा कौतुकानं डोंगर उतरून कार्यक्रमाला आले आणि माझ्याशेजारी बसले.

‘बाई, ढोल कुठं हाय?’

मी म्हटलं, ‘सरांच्या डाव्या हातात.’ पियानोचे खालचे जाड सूर डाव्या हातानं वाजतात, एवढंच मला म्हणायचं होतं.

मामांनी नाच बघितलाच नाही. सगळा वेळ नजर त्या डाव्या हातावर! संपल्यावर वर गेले, सरांचा पंजा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, ‘पावणं, एवढा बडवला, पण कायच सुजला न्हाई की!’

त्यानंतर मामांनी सरांचा एकही कार्यक्रम चुकवला नाही. काय आवडतं ते मात्र त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

*

मग काही वर्षांनी सरांनी मराठीत ऑपेरा लिहिला. ऑपेरा म्हणजे काय, हे भाऊजींना समजावताना सरांचा आणि माझा घाम निघाला.

‘संगीत नाटकच की हे!’

‘नाही, संगीत नाटकात मधे बोलतात. यात सगळं गाऊनच. चहा मागायचा तरी गाऊन.’

‘मग चहा गार हुतोय की, सर! बरं, वन्स मोअर कुठं घ्यायचा?’

‘कुठेच नाही.’

भाऊजींचा चेहरा पडला. ‘वन्स मोअर न्हाई म्हंजे कोल्हापुरात कार्यक्रम पडला म्हणत्यात.’

*

गोष्ट अगदी साधी होती. परत न येणाऱ्या मुलासाठी आई रोज दारात दिवा लावते आणि एक दिवस स्वतःच तो विझवते. आई झाल्या होत्या कांबळे मॅडम. त्या हायस्कूलला विज्ञान शिकवायच्या. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्या भीमगीतं गायच्या, तेव्हा माइक बंद पडला तरी पलीकडच्या चौकात ऐकू जायचं.

शेवटच्या ओळीला सर म्हणायचे, ‘हळू. अजून हळू.’

‘सर, एवढं हळू तर मी नापास पोराशीसुद्धा बोलत नाही!’

*

प्रयोगाच्या दिवशी सरांनी सगळ्यांना दम भरला. आईनं दिवा विझवला की शेवटचा सूर वाजेल आणि स्टेज अंधारात जाईल. सरांनी हात वर केला की लाइटवाल्या मोमीनभाईंनी दिवे लावायचे. दिवे लागेपर्यंत भाऊजींनी माइकला शिवायचं नाही.

मॅडमनी दिवा विझवला. सरांनी सूर वाजवला. मोमीनभाईंनी दिवे घालवायला बटणाकडे हात नेला, आणि त्याच क्षणी लोडशेडिंग! आख्खा हॉल काळाकुट्ट. घरघरणारे पंखेसुद्धा थांबले.

लोकांना वाटलं, ऑपेराच आहे. मोमीनभाईंना वाटलं, बटण आपणच दाबलं. हॉलचा जनरेटर सुरू करायचं सोडून ते सरांचा हात वर जायची वाट बघत बसले. पण हात दिसणार कसा?

तो सूर आम्ही सगळ्यांनी ऐकला. पार विरेपर्यंत. त्यानंतरही कुणी हललं नाही. बऱ्याच वेळानं भाऊजी माझ्या कानात कुजबुजले, ‘वहिनी, लाईट गेलीया, का अजून चालू हाय?’

मला काय माहीत!

मग लाइट आली. पंखे घरघरले. सरांचं बोट अजून पट्टीवरच होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टाळी वाजवायची की नाही, कुणालाच कळेना. भाऊजींनी माइक घेतला आणि तसाच खाली ठेवला.

इतक्यात मागून चौगुले मामा उठले आणि त्यांनी खच्चून आरोळी ठोकली, ‘वन्स मोअर!’

मोमीनभाईंनी एकदा सरांकडे बघितलं आणि खटकन मेन स्विच पाडला.